माजोर्ड्याचे वाद्यवृंदसंचालक : प्रस्तावना

अँथनी गोन्साल्विस हे नाव महाराष्ट्रात ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मनुष्य विरळा. १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्याने ते नाव गावोगावच्या यात्रांत, लग्नाच्या वरातींत आणि चावडीपुढच्या ध्वनिक्षेपकांवर अशा थाटाने नेऊन पोहोचविले की, ते एका कल्पित पात्राचेच नाव आहे अशी सर्वांची खात्री होऊन बसली. वास्तविक त्या नावाचा एक व्यासंगी गृहस्थ गोव्यातील साष्टी तालुक्यात, माजोर्डा या गावी, १९२७ साली जन्मला, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वीसएक वर्षे वावरला, भारतीय रागांना सिंफनी वाद्यवृंदाच्या लेखी रूपात आणण्याचा ध्यास त्याने घेतला आणि १८ जानेवारी २०१२ रोजी तो निवर्तला. त्याचे नाव त्या गाण्यात आले, ते त्या चित्रपटाच्या संगीतकारद्वयापैकी प्यारेलाल शर्मा यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना वाहिलेल्या आदरांजलीच्या रूपाने. शिष्याची ही कृतज्ञता थोर खरीच. पण तिच्यामुळे गुरूचे नाव घरोघर गेले आणि गुरूचे कार्य मात्र तेथपर्यंत पोहोचले नाही. पुढील पानांत त्या कार्याची हकीकत आहे.

हे पुस्तक दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावातून का निघावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकारही आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान वसलेले हे उसाचे आणि गुऱ्हाळांचे गाव. त्याचा गोव्याच्या चर्चमधील व्हायोलिनशी संबंध काय? परंतु या मुलुखाच्या आसपास थोडे लक्ष देऊन ऐकले, तर समूहाने करावयाच्या संगीताचे किती प्रकार येथे पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत याचा प्रत्यय येतो. चौफुल्याच्या कलाकेंद्रांतून ढोलकी आणि पेटी यांच्या साथीने चालणारी संगीतबारी, गावच्या यात्रेत पितळी वाद्ये घेऊन येणारे बँड, एकादशीच्या रात्री देवळात बसणारी भजनी मंडळे हे तर प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उभे आहे. ज्या मराठी ख्रिस्ती समाजाचा तो एक मोठा आश्रय, त्या समाजाच्या उपासनेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचे वृत्त आणि भजनाची चाल आणून ठेवली. परदेशी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा आपल्या मातीची चाल आपल्या माणसांच्या हृदयाला अधिक लवकर जाऊन भिडते, हे टिळकांनी ओळखले होते, आणि गोन्साल्विसांनी निराळ्या क्षेत्रात जे केले त्याच्या मुळाशी हीच ओळख आहे.

शिवाय तुकोबांच्या पालखीची वाट यवत आणि वरवंड या आमच्या शेजारच्या मुक्कामांवरून जाते. मध्ये वीणेकरी, दोहों अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंगाचा ठेका आणि शेकडो कंठांचा एक स्वर अशी दिंडीची रचना ज्याने पाहिली आहे, आणि आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच सहस्रावधी टाळ एका क्षणात निःशब्द होतात हे ज्याने अनुभविले आहे, त्याला वाद्यवृंदसंचालक म्हणजे काय हे समजावून सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. जो स्वतः वाजवीत नाही, पण ज्याच्या हाताच्या खुणेवाचून शंभर वाजविणाऱ्यांचे एक होत नाही, त्या पुरुषाचे महत्त्व आमच्या वारकऱ्याला जन्मतःच ठाऊक आहे.

आता माजोर्ड्याकडे वळू. गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल स्थिरावल्यावर सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून पाठशाळा निघाल्या. त्यांत लिहिणे-वाचणे आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीला गायन, स्वरलिपी आणि पुढे व्हायोलिन शिकविण्याचा परिपाठ पडला, कारण लॅटिन भाषेतील उपासना गाण्यासाठी पाद्रींना तयार कंठांची गरज होती. या शाळेतील संगीतशिक्षकाला ‘मेस्त्री’ म्हणत. गावातील मुले त्याच्यापुढे बसून प्रथम स्वर ओळखायला, मग ते कागदावर वाचायला आणि मग वाद्यावर काढायला शिकत, आणि यासाठी त्यांच्या बापाच्या खिशाला तोशीस पडत नसे. अँथनींचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये असेच गायकवृंदाचे प्रमुख होते; मुलाचे पहिले गुरू तेच.

या विद्येचा उगम निष्कलंक नव्हता, हेही येथेच नमूद करून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्या सत्तेने व्हायोलिन दिले, तिनेच १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आणले आणि १६८४ मध्ये कोंकणी भाषा टाकून देण्याचा हुकूम काढला. परंतु लोकांनी हुकूम मानला नाही आणि व्हायोलिन मात्र आपलेसे केले. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या वाड्यांतून मांडो नावाचा जो संथ, विरहव्याकुळ गीतप्रकार बहरला, त्याची भाषा कोंकणी, त्याच्या साथीला एका बाजूस व्हायोलिन आणि दुसऱ्या बाजूस मातीच्या भांड्याला चामडे मढवून केलेले घुमट. जेत्याचे वाद्य आणि जिताचे वाद्य एका बैठकीत बसले, आणि त्यांतून जे निघाले ते पूर्णपणे गोव्याचे होते. अँथनी आपल्या नावाच्या मध्यभागी ‘प्रभू’ हे उपपद आवर्जून लावीत. धर्मांतरापूर्वीच्या आपल्या घराण्याची खूण त्यांनी मिटू दिली नाही, यावरून वारशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी ध्यानात यावी. त्यांना वारसे दोन होते आणि दोहोंपैकी एकही त्यांना परका वाटत नव्हता.

आणि हीच कथा पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात, त्याच इबेरियन साम्राज्यांच्या छायेत घडली होती. पॅराग्वेच्या अरण्यात जेझुइट पाद्रींनी ग्वारानी लोकांना व्हायोलिन करायला आणि वाजवायला शिकविले; दोमेनिको झिपोली या इटालियन संगीतकाराच्या रचना त्या मिशनांतून गायल्या जात. विसाव्या शतकात मेक्सिकोच्या कार्लोस चावेझ यांनी यॅकी, सेरी आणि हुइचोल या आदिवासींच्या चाली घेऊन १९३६ च्या सुमारास ‘सिंफोनिया इंडिया’ रचली, आणि ब्राझीलच्या व्हिला-लोबोस यांनी बाखची रचनापद्धती आणि आपल्या देशाचे लोकसंगीत यांची सांगड घालून नऊ ‘बाखियानास ब्राझिलैरास’ लिहिल्या. गोन्साल्विसांना या समकालीनांच्या शेजारी बसविले पाहिजे. केवळ ‘चित्रपटातील एक व्हायोलिनवादक’ एवढीच त्यांची नोंद करणे हा अन्याय आहे.

१९४३ साली, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, हा मुलगा मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यमेळात व्हायोलिन वाजवू लागला. त्या काळच्या धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांनी आपापल्या स्थलांतरितांसाठी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिस्थाने होती. खलाशी, आचारी आणि वादक तेथे एका छपराखाली राहत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना म्हणत, आणि गावाचे नाते शहरात तुटू देत नसत. या वस्तीतूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताला त्याचे लिहितेवाचते वादक मिळाले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या स्वरांना चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनांच्या स्वरांना सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोवेकरांनी वाद्यमेळाचे शरीर दिले. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणून दाखवी. ती चाल स्वरलिपीत उतरवून घेणे, तिला पूरक स्वरपंक्ती रचणे, व्हायोलिनांनी काय वाजवायचे, चेलोंनी काय, तुताऱ्यांनी कोठे शिरायचे आणि कोठे थांबायचे याचा कागद प्रत्येकापुढे ठेवणे, ही सारी मेहनत ‘अरेंजर’ म्हणविल्या जाणाऱ्या या मंडळींची. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आलेच तर ‘सहायक’ म्हणून येई. पुष्कळदा तेही येत नसे. ज्या गाण्यांवर आपल्या आईबापांचे तारुण्य आणि आपले बालपण पोसले गेले, त्यांची निम्मी शोभा या अनामिकांची आहे.

ध्वनिमुद्रणाच्या दालनात त्या काळी दोन प्रकारचे साक्षर एकत्र येत. गोवेकर वादक पाच ओळींच्या कागदावरचे ठिपके वाचीत, पण त्यांना राग ठाऊक असेलच असे नव्हे. सतार, सारंगी आणि तबला वाजविणारे उस्ताद रागाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेले असत, पण कागद त्यांच्या दृष्टीने कोरा. पहिल्यांनी दुसऱ्यांना ‘यांना वाचता येत नाही’ म्हणावे आणि दुसऱ्यांनी पहिल्यांना ‘यांना गाता येत नाही’ म्हणावे, हे सहज घडण्यासारखे होते. गोन्साल्विसांचे वैशिष्ट्य असे की, पोटापुरते हिंदुस्थानी संगीत उचलून ते स्वस्थ बसले नाहीत. ते त्या संगीताच्या जाणकारांकडे विद्यार्थी होऊन गेले, रागांची घडण समजून घेतली, आणि मग स्वतःला एकच प्रश्न विचारला : हे संगीत, त्याचा धर्म न बिघडविता, शंभर हातांना एकत्र वाजविता येईल असे लिहिता येईल काय?

हा प्रश्न किती अवघड आहे हे एका उदाहरणाने सांगतो, आणि येथे वाचकाने किंचित सबुरी धरावी. पाश्चात्य स्वरसंवादाची उभारणी एकाच वेळी उमटणाऱ्या तीन स्वरांच्या संचावर होते. सा, ग आणि प हा त्यांतला पहिला आणि सर्वांत मूलभूत संच. त्यांतला गंधार हा त्या संचाचा प्राण, कारण तो शुद्ध की कोमल यावरच संचाचा भाव ठरतो. आता वृंदावनी सारंग घ्या. सा, रे, म, प, नी एवढेच त्याचे स्वर. गंधार आणि धैवत त्यास वर्ज्य. निषाद आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल. म्हणजे ज्या स्वरावाचून पाश्चात्य संवादाची पहिली पायरीच चढता येत नाही, तोच स्वर या रागात लावता येत नाही, आणि लावला तर राग मरतो. मध्यान्हीच्या उन्हात शेताच्या बांधावर जी एक तृप्त उदासी दाटते, ती ज्या रागात आहे त्याच्या गळ्यात परका गंधार अडकविला, तर श्रोत्याच्या हाती केवळ गोड गोंगाट लागेल. अशा ठिकाणी संचांचा मार्ग सोडून, रागाच्या मर्यादेत वागणाऱ्या दोन-तीन स्वतंत्र स्वरपंक्ती एकमेकींना ओलांडीत, एकमेकींना वाट देत चालवाव्या लागतात, आणि त्या कोठेही एकत्र आल्या तरी रागाबाहेरचा स्वर उमटू नये एवढी दक्षता प्रत्येक क्षणी घ्यावी लागते. त्यात पुन्हा मींडेचा प्रश्न. एकटा व्हायोलिनवादक मध्यमावरून रिषभावर घसरत येतो ते त्याच्या मनाच्या वेगाने. वीस व्हायोलिने ती मींड एकाच वेगाने घेऊ शकतील, अशी खूण कागदावर कशी करावी, गज कोठे बदलावा, आणि संचालकाने हात किती सावकाश खाली आणावा, हे सर्व नव्याने ठरवावे लागते. तालाचेही तसेच : समेकडे येणाऱ्या आवर्तनाची ओढ ही पाश्चात्य मात्राखंडांच्या सरळ मोजणीत आपोआप उतरत नाही.

गोन्साल्विसांनी या सर्व अडचणी अंगावर घेऊन रचना केल्या. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागातील कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादाची रचना, ही त्यांतली दोन नावे. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला आणि शंभराहून अधिक वादकांचा तो संच मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात उभा केला. गायक म्हणून लता मंगेशकर आणि मन्ना डे. रोज निरनिराळ्या ध्वनिमुद्रणशाळांत, पडद्यामागे, रोजंदारीच्या हिशेबाने वाजविणारे वादक त्या दिवशी लोकांसमोर बसले. ज्यांची नावे श्रेयपटावर येत नसत त्यांचे चेहरे लोकांनी पाहिले. माझ्या मते त्या प्रसंगाचे मोल त्यातील स्वररचनेइतकेच या गोष्टीतही आहे. आपल्या समाजाची कला आपल्या समाजासकट रंगमंचावर आणणे, हे वाद्यवृंदसंचालकाचे पहिले कर्तव्य गोन्साल्विसांनी पार पाडले.

मात्र पुढे तो वाद्यवृंद टिकला नाही, आणि याची मीमांसा केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. शंभर वादक महिनोन्‌महिने तालमीला बसवायचे, तर त्यांच्या संसाराची तजवीज कोणीतरी करावी लागते. युरोपात ती दरबारांनी केली, मग नगरपालिकांनी आणि सरकारांनी. आपल्याकडेही एका मराठी दरबाराने ती केली होती. तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात आपल्या पदरी पाश्चात्य पद्धतीचा बँड बाळगला, दक्षिणी रचना पाश्चात्य स्वरलिपीत उतरवून घेतल्या, आणि ती बाडे सरस्वती महालाच्या दप्तरात राहिली. मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, तो पारशी, गोवेकर आणि युरोपीय वादकांच्या हौसेवर चालला, आणि अखेर मेहलींना विलायतेची आणि पुढे अमेरिकेची वाट धरावी लागली. गोन्साल्विसांना दरबार नव्हता, सरकारी मंजुरीचा कागद नव्हता. होती ती चित्रपटातली कमाई आणि वादकांचा स्नेह. १९६५ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर ते अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटव्यवसायात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही. माजोर्ड्याच्या घरी ते आपल्या वह्यांसह राहिले. मराठी चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट करून या विस्मृतीची अंशतः भरपाई केली, याबद्दल मराठी रसिकांनी त्यांचे ऋण मानावे.

तिकडे अमेरिकेची वाट धरलेल्या मेहली मेहतांनी १९६४ साली लॉस एंजेलिस येथे अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन करून शेकडो तरुण वादक घडविले. त्यांचे चिरंजीव झुबिन १९६२ ते १९७८ पर्यंत त्याच शहराच्या फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते, आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासह पंडित रविशंकरांचा ‘रागमाला’ हा सतार-कॉन्चेर्तो त्यांनीच सादर केला. ज्या व्यासपीठावर मुंबईचे झुबिन मेहता उभे राहत, तेथेच २००९ पासून व्हेनेझुएलाचे गुस्ताव्हो दुदामेल उभे राहिले. दुदामेल यांचे वडील साल्सा नृत्यसंगीताच्या मेळात ट्राँबोन वाजवीत, आणि मुलाला शिक्षण मिळाले ते होसे अँटोनिओ आब्रेउ यांनी १९७५ साली सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या लोकशिक्षणाच्या उपक्रमातून. गरीब वस्तीतल्या मुलाच्या हाती वाद्य द्यायचे, त्याला पहिल्या दिवसापासून समूहात बसवायचे, आणि शिकणाऱ्यानेच पुढे शिकवायचे, हे त्या उपक्रमाचे सार. लॅटिन अमेरिकेतील लोकसंगीताचा ठेका आणि बीथोव्हनची सिंफनी दोन्ही एकाच संध्याकाळी, त्याच श्रद्धेने वाजविणारा हा संचालक आज जगप्रसिद्ध आहे. त्याच्या पाठीशी राष्ट्राने पोसलेली संस्था होती. गोन्साल्विसांची प्रतिभा याहून उणी होती असे मानण्यास मला काहीच आधार दिसत नाही. उणी होती ती पाठीमागची संस्था. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला आणि २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी त्यासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्तो रचला, ही आनंदाची गोष्ट; पण १९५८ नंतर जवळजवळ अर्धे शतक त्यासाठी जावे लागले.

या पुस्तकावर एक आक्षेप येईल, तो मी आधीच विचारात घेतो : राग हा एकट्याच्या चिंतनाचा विषय, त्यास शंभर वाद्यांच्या गर्दीत का ओढावे? आक्षेप आदरणीय आहे. परंतु मराठी माणसाने पायपेटीचा ऑर्गन नाट्यसंगीतात असा मुरविला की, बालगंधर्वांच्या स्वरांची आठवण त्यावाचून येत नाही. आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदी घातली तरी आमच्या देवळातून पेटी गेली नाही. कोणते वाद्य आपले, हे अखेर वाजविणाऱ्या समाजाने ठरवायचे असते. एकट्याचा ख्याल राहीलच. त्याच्या शेजारी समूहाच्या रागरचनेलाही जागा असावी एवढेच गोन्साल्विसांचे मागणे होते, आणि ते मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

या पुस्तकातील लेख गावातील शिक्षकांनी, भजनी मंडळातील वादकांनी आणि पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त असलेल्या आमच्या तरुणांनी लिहिले आहेत. त्यांची भाषा सर्वत्र सारखी नाही, काही ठिकाणी शास्त्रीय परिभाषेची ओढाताण झाली आहे; ती मी जाणूनबुजून दुरुस्त केलेली नाही, कारण विषयावरचे प्रेम तिच्यातून स्पष्ट दिसते.

एक विनंती करून ही प्रस्तावना पुरी करतो. माजोर्ड्याला अँथनी गोन्साल्विस झाले, त्याचे पहिले कारण गावात विनामूल्य संगीत शिकविणारा एक शिक्षक होता आणि गाव त्याला पोसत होते. खुटबावच्या ग्रामसभेने येत्या बैठकीत शाळेची एक खोली संध्याकाळी दोन तास संगीताच्या वर्गासाठी द्यावी, एका शिक्षकाच्या मानधनाची तरतूद गावच्या जमाखर्चात करावी, आणि ज्यांच्या घरी माळ्यावर पेटी, पखवाज, टाळ किंवा जुने व्हायोलिन पडून असेल त्यांनी ते त्या वर्गाकडे रुजू करावे. या पुस्तकाच्या विक्रीतून जे काही उत्पन्न होईल, ते त्याच खात्यात जमा होणार आहे.